डॉक्टरांचा पैसा कुठे गळतो? गोव्यातल्या डॉक्टर कुटुंबांसाठी धागा

अंत्रुजकन्या

माझे यजमान भूलतज्ज्ञ आहेत. कुठल्या एका हॉस्पिटलच्या नोकरीत नाहीत. फोंडा, मडगाव, म्हापसा, जिथून सर्जनचा फोन येईल तिथल्या ओटीत जातात. मी कॉमर्सची पदवीधर. घरचा आणि त्यांच्या व्यवसायाचा हिशेब माझ्याकडे असतो. ओळखीतल्या डॉक्टरांकडूनही कागद दाखवायला माणसं येतात आणि त्याच त्याच गोष्टी पुन्हा दिसतात, म्हणून हा धागा काढते आहे. डॉक्टरांनी तर लिहावंच, पण त्यांच्या नवऱ्यांनी आणि बायकांनीही लिहावं. का ते पुढे येईलच.

डॉक्टरची कमाई उशिरा सुरू होते. एमबीबीएस इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, मग पीजीच्या प्रवेशाची तयारी, पीजीची तीन वर्षं, सुपरस्पेशालिटी केली तर आणखी तीन. बरोबर शिकलेला इंजिनिअर बाविशी-तेविशीत पगार घेऊ लागतो. डॉक्टरच्या हातात खरा पैसा येतो तो तिशी ओलांडल्यावर, आणि तेव्हाच लग्न, घर, गाडी, मूल, क्लिनिक सगळं एकदम दारात उभं असतं. मग बचत 'जरा स्थिरस्थावर झालो की' म्हणून पुढे ढकलली जाते. महिना ५० हजार गुंतवले आणि वर्षाला सरासरी १० टक्के वाढ धरली, तर पस्तिसाव्या वर्षी सुरू करणाऱ्याचे साठीला साधारण ६.६ कोटी होतात. पंचेचाळिसाव्या वर्षी सुरू करणाऱ्याचे २ कोटींच्या थोडे वर. वाढीचा आकडा कुणी हातावर लिहून देत नाही, तो कमी-जास्त होईल. पण मधल्या दहा वर्षांची किंमत त्यातून नीट कळते.

दुसरी गोष्ट विकणाऱ्याची. डॉक्टरला विकायला येणारा माणूस परका नसतो. तो पेशंट असतो, पेशंटचा जावई असतो, शाळेतला मित्र असतो, नाहीतर बँकेचा मॅनेजर, ज्याच्या आईचं ऑपरेशन आपणच केलेलं असतं. तो ओपीडी संपताना येतो, त्यातही मार्चमध्ये हमखास येतो. डॉक्टर दमलेला असतो, माणूस ओळखीचा असतो, 'नाही' म्हणणं जड जातं. अशा पाच मिनिटांत दहा-पंधरा वर्षांच्या हप्त्याच्या करारावर सही होते.

एक हिशेब मांडून दाखवते, कारण हा मी अनेक घरांत पाहिला आहे. दर वर्षी ५ लाख, दहा वर्षं भरायचे. विसाव्या वर्षी १ कोटी मिळणार. सांगताना सांगतात, 'पन्नास भरा, कोटी घ्या, दुप्पट.' ऐकायला छान वाटतं. चक्रवाढीने काढलं तर हा परतावा वर्षाला साडेचार टक्क्यांच्या आसपास येतो. पीपीएफचा दर २०२० पासून ७.१ टक्के आहे आणि तिथे एजंट नाही. वर या पॉलिसीत विमा किती, तर बहुतेक वेळा ५० लाख. ज्या घरावर क्लिनिकचं आणि फ्लॅटचं मिळून दोन कोटींचं कर्ज आहे, त्या घराला ५० लाखांचा विमा कुठे पुरणार?

विमा हवाच, पण तो नुसता विमा असावा, म्हणजे टर्म प्लॅन. कर्ज अधिक घरखर्चाची पंधरा-वीस वर्षं धरून रक्कम ठरवावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेला आहे. नको ती पॉलिसी नुकतीच गळ्यात पडली असेल, तर कागद हातात आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते. कुणालाही न दुखावता परत करायची असेल तर सरळ सांगा, 'घरी विचारलं, नको म्हणाली.' आमच्याकडे ही जबाबदारी मी आनंदाने घेतली आहे.

गोव्यात नवरा-बायकोच्या उत्पन्नाबाबत कायदाच वेगळा आहे. त्यावर इथल्या सीए मंडळींनी लिहावं अशी विनंती.

---

सीए_बार्देश

ताई, बरं झालं हा विषय काढलात. माझ्याकडे येणाऱ्या डॉक्टरांपैकी बाहेरून शिकून आलेल्यांना तर हे अजिबात माहीत नसतं, आणि त्यांचं विवरणपत्र मुंबई-पुण्याचा एखादा ऑनलाइन सेवावाला भरत असेल तर त्यालाही माहीत नसतं.

गोव्यात १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता अजून लागू आहे. लग्नाआधी नोंदणीकृत करार करून वेगळी व्यवस्था निवडली नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते. साधारणपणे लग्नाआधीची आणि वारशाने आलेलीसुद्धा. हा करार लग्नानंतर करता येत नाही. आयकर कायद्याने याची दखल कलम ५ए मध्ये घेतली आहे: पगार सोडून बाकी प्रत्येक प्रकारचं उत्पन्न दोघांत निम्मं-निम्मं विभागून दोघांच्या विवरणपत्रांत दाखवायचं. पगार मात्र ज्याचा त्याच्याकडेच.

म्हणजे सरकारी किंवा कॉर्पोरेट हॉस्पिटलात पगारावर असलेल्या डॉक्टरला पगारापुरता फरक नाही. पण स्वतःची प्रॅक्टिस असेल किंवा व्हिजिटिंग कन्सल्टंट म्हणून फी मिळत असेल, तर ते व्यवसायाचं उत्पन्न झालं आणि त्याचं निम्मं जोडीदाराचं. व्याज आणि भाडंही तसंच.

आकडे घेऊ. डॉक्टरचा निव्वळ व्यावसायिक नफा ३० लाख, पत्नीचं दुसरं उत्पन्न नाही. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत सगळे ३० लाख एकट्याच्या नावावर दाखवले तर उपकर धरून कर येतो सुमारे ४ लाख ९९ हजार. कायद्याप्रमाणे १५-१५ लाख विभागले तर दोघांचा मिळून सुमारे २ लाख १८ हजार. वर्षाला पावणेतीन लाखांहून जास्त फरक, आणि यात पळवाट काहीही नाही. उलट विभागणी न करणं हीच चूक आहे.

आता उलटी बाजू. पत्नीचं विवरणपत्र भरलंच नाही, तर तिच्या वाट्याच्या १५ लाखांचं काय? तिला नोटीस येऊ शकते. टीडीएस, म्हणजे फी देतानाच कापलेला कर, दिसतो डॉक्टरच्या पॅनवर, त्याचीही वाटणी अनुसूची ५ए मध्ये दाखवावी लागते. ॲडव्हान्स टॅक्स, म्हणजे वर्ष संपण्याआधीच हप्त्यांनी भरायचा कर, तोही दोघांनी आपापल्या नावाने भरायचा. आणि विवरणपत्राचा 'सहज' हा साधा नमुना, म्हणजे आयटीआर-१, इथे चालत नाही.

दुसरा खड्डा टीडीएसचाच. हॉस्पिटल कन्सल्टंटच्या फीवर १० टक्के कापतं. डॉक्टर समजतो, कर गेला. पण त्याचं उत्पन्न २०-३० टक्क्यांच्या टप्प्यात असतं. उरलेला कर स्वतः भरायचा असतो, १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या तारखांना. नाही भरला तर महिना १ टक्का व्याज. कलम ४४एडीए खाली एकूण फीच्या ५० टक्के नफा दाखवणाऱ्यांना १५ मार्चला एकदाच भरून चालतं. त्यासाठी फीची मर्यादा ५० लाख आहे. रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख. म्हणूनच मी सगळ्यांना सांगतो, काउंटरवर क्यूआर कोड लावा आणि रोख कमी करा. (१ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे वेगळे आहेत. मी इथे देतो ते जुन्या कायद्याचे आहेत.)

औषध कंपनीने दिलेली परदेशवारी किंवा वस्तू वर्षाला २० हजारांच्या वर गेली, की कंपनी त्यावर १० टक्के टीडीएस भरते. १ जुलै २०२२ पासून हे आहे. ते तुमच्या पॅनवर दिसतं आणि तुमचं उत्पन्न ठरतं. नैतिकतेचा भाग वेगळा आणि माझ्या मते तोच मोठा, पण निदान कराच्या बाजूने तरी कुणी त्याला फुकट समजू नये.

---

दोडामार्ग_डॉक्टर

सीए साहेब, मी सिंधुदुर्गाचा. बायको पेडण्याची, लग्न सावंतवाडीत झालं आणि नोंदणीही तिथेच. पाच वर्षं म्हापशात प्रॅक्टिस करतो. मला हे ५ए लागू?

---

सीए_बार्देश

डॉक्टर, गोव्यात दवाखाना आहे एवढ्यावरून ठरत नाही. तुमच्या लग्नाला ही संहिता लागू होते का, हा मूळ प्रश्न आहे. त्यासाठी दोघांचं मूळ गाव, लग्न कुठे आणि कुठल्या कायद्याखाली नोंदलं, हे कागद घेऊन इथल्या वकिलाचं लेखी मत घ्या. एकदा फी जाईल, पण ते मत फाइलला राहील. अंदाजाने ५ए लावणं आणि अंदाजाने न लावणं, दोन्ही महाग पडतं.

---

डॉ_बालरोग

मला इथे एक वेगळीच गोष्ट सांगायची आहे. मी बालरोगतज्ज्ञ, पणजीत. माझ्या बऱ्याच मैत्रिणी डॉक्टर आहेत, चांगल्या कमावतात, आणि त्यांना स्वतःच्या नावावर काय आहे हे ठाऊक नाही. 'ते बघतात', 'पप्पा बघतात', 'सासरे आणि सीए बघतात.' विवरणपत्रावर ओटीपी मागितला की देतात. एकीच्या नावावर डिमॅट खातं होतं आणि त्यात काय आहे ते तिने कधी उघडून पाहिलं नव्हतं. आयसीयूत रात्री तीन वाजता निर्णय घेणाऱ्या बायका या.

गोव्याच्या कायद्याने त्यांना अर्धा हक्क दिला आहे. हक्काबरोबर कर्जावरच्या सह्याही येतात, जामीनही येतो. अंत्रुजकन्या ताईंचं म्हणणं मी माझ्या बाजूने उलटं करून सांगते: डॉक्टर बायकोनेही हिशेबाच्या टेबलावर बसायला हवं. महिन्यातून एक रविवार सकाळ पुरते. कुठल्या बँकेत काय, कुठलं कर्ज किती उरलं, कुठली पॉलिसी कधी संपते.

---

अंत्रुजकन्या

अगदी. मी हा धागा काढला तो याचसाठी. बाकी चुका दुरुस्त होतात हो. पॉलिसी बंद करता येते, फ्लॅट विकता येतो. पण घरातल्या दोघांपैकी एकालाच सगळं माहीत असेल आणि तोच उद्या अंथरुणाला खिळला, तर दुसऱ्याने काय करायचं?

---

शल्यक

सर्जन आहे, चाळिशी पार. दोन विम्यांबद्दल लिहितो. दोन्ही आपल्या व्यवसायात अत्यावश्यक आहेत आणि दोन्ही लोक घाईत घेतात.

पहिला, व्यावसायिक उत्तरदायित्वाचा विमा, ज्याला आपण इन्डेम्निटी म्हणतो. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते असं सांगितलं, तेव्हापासून याला पर्याय नाही. २०१३ साली कोलकात्याच्या एका प्रकरणात भरपाई ६ कोटींच्या घरात गेली. तरीही लोक १ कोटीची पॉलिसी घेतात आणि आतलं प्रमाण वाचत नाहीत. एका दाव्याची मर्यादा आणि वर्षाची मर्यादा यांचं प्रमाण १:१ असू शकतं किंवा १:४. १:४ असेल तर १ कोटीच्या पॉलिसीत एका केसला मिळणार २५ लाख. हप्ता कमी दिसतो तो यामुळे.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे, ही पॉलिसी दावा येतो त्या दिवशी चालू असावी लागते. ऑपरेशन झालं तेव्हा होती, हे पुरत नाही. म्हणून एकही वर्ष खंड पडू देऊ नका. कंपनी बदललीत तर जुनी 'रेट्रोॲक्टिव्ह' तारीख, म्हणजे जिच्यापासूनच्या कामाला संरक्षण मिळतं ती, नव्या पॉलिसीवर लिहून आली आहे का, ते बघा. प्रॅक्टिस बंद केल्यावरही काही वर्षं चालू ठेवा. ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे, आणि आयोग उशीर माफही करू शकतो. हॉस्पिटलची पॉलिसी आहे म्हणून व्हिजिटिंग डॉक्टरने निश्चिंत राहू नये. ती हॉस्पिटलला वाचवायला घेतलेली असते, तुमचं नाव तिच्यात आहे का ते कागदावर पाहा.

दुसरा, अपंगत्वाचा. सर्जनच्या उजव्या हाताचा अंगठा गेला तर टर्म प्लॅन एक पैसा देणार नाही, कारण माणूस जिवंत आहे. अपघात विम्यात कायमचं पूर्ण अपंगत्व, कायमचं अंशतः आणि तात्पुरतं, या तिन्ही गोष्टी आहेत का पाहा. तात्पुरत्या अपंगत्वात आठवड्याला रक्कम मिळते, ती स्वतंत्र प्रॅक्टिसवाल्याला फार उपयोगी. मनगट मोडून तीन महिने घरी बसलात तर पगार देणारा कुणी नसतो, नर्सचा पगार आणि भाडं मात्र चालूच.

आणि आरोग्यविमा. आपल्यात डॉक्टरकडून डॉक्टर फी घेत नाही, ही परंपरा चांगली आहे आणि ती टिकावी. पण स्टेंट, इम्प्लांट, आयसीयूची खाट, औषधं यांना ती परंपरा लागू नाही. बेळगाव, मुंबई किंवा बंगळुरूला जायची वेळ आली तर अजिबात नाही.

---

बांबोळी_रेसिडेंट

सर, मॅडम, मी गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, रेसिडेंट आहे. आमच्या बॅचचे काही जण बाहेर खासगी अभिमत विद्यापीठांत पीजी करत आहेत, त्यांच्या डोक्यावर मोठी कर्जं आहेत. मला कर्ज नाही पण बचतही फारशी नाही. सुरुवात कुठून करू? आमच्या ग्रुपवर रोज कुणीतरी शेअरचे 'कॉल' देतं, काही जण ऑप्शन ट्रेडिंग करतात, ओटीच्या बाहेर बसून मोबाईलवर.

---

शल्यक

बाळा, ऑप्शनपासून लांब राहा. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने केलेल्या पाहणीत २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये दहापैकी नऊहून जास्त वैयक्तिक ट्रेडर तोट्यात गेले. त्यांतले कित्येक दिवसभर पडद्यासमोर बसणारे असतील. तू दोन केसच्या मध्ये काय करणार?

आईवडील तुझ्यावर अवलंबून असतील तर टर्म प्लॅन आत्ताच घे, तरुणपणी हप्ता कमी बसतो. स्वतःचा आरोग्यविमा घे. स्टायपेंडमधून दोन-तीन महिन्यांचा खर्च बँकेत वेगळा ठेव. त्यानंतर एखाद्या साध्या इंडेक्स फंडात, म्हणजे बाजाराच्या निर्देशांकाप्रमाणे शेअर घेणाऱ्या फंडात, छोटी एसआयपी, डायरेक्ट (मध्ये एजंट नसलेल्या) प्लॅनची. एवढं पुरे. बाकी अभ्यास कर, तुझ्या वयात सगळ्यात जास्त परतावा त्यालाच आहे.

---

सीए_बार्देश

शैक्षणिक कर्ज असलेल्यांसाठी: व्याजाची वजावट, कलम ८०ई, आठ वर्षं मिळते, पण फक्त जुन्या करप्रणालीत. नोकरी करणाऱ्याला दर वर्षी प्रणाली बदलता येते. व्यवसायाचं उत्पन्न असेल तर तसं नाही. एकदा नवी सोडून जुनीत गेलात आणि पुन्हा नवीत आलात, की व्यवसाय चालू असेपर्यंत परत जुनीत जाता येत नाही. म्हणून पहिल्याच वर्षी दोन्ही बाजूंचा हिशेब काढा.

---

पर्वरीकर

सगळे म्युच्युअल फंडच सांगताहेत. आमच्या वडिलांनी पर्वरीला घेतलेल्या जमिनीने आमच्या दोन पिढ्यांचं भलं केलं. गोव्यात जमीन आहे तेवढीच आहे, मागणी दिल्ली-मुंबईची. डॉक्टरने पैसा फ्लॅटमध्ये आणि प्लॉटमध्येच घालावा, डोळ्यासमोर राहतो. फंडाचा कागद कोण खातो?

---

अंत्रुजकन्या

पर्वरीकर, तुमच्या वडिलांनी योग्य वेळी योग्य जागा घेतली आणि बहुधा कागद स्वतः पाहून घेतली. मी राहत्या घराच्या विरोधात नाही. माझा मुद्दा तिसऱ्या-चौथ्या फ्लॅटचा आहे. ८० लाखांचा फ्लॅट, महिना २० हजार भाडं, म्हणजे वर्षाला ३ टक्के. त्यातून सोसायटीचा खर्च, पावसाळ्यानंतरचं रंगकाम आणि रिकामे महिने वजा करा. कर्ज काढून घेतला असेल तर व्याजाचा दर त्याच्या दुपटीहून जास्त. मुलीच्या शिक्षणाला दहा लाख लागले तर फ्लॅटची एक खोली विकता येत नाही. आणि विकताना गोव्यात जोडीदाराची सही लागतेच.

प्लॉटचं तर फार जपून. ज्या डॉक्टरांच्या फाइली मी पाहिल्या, त्यांत ब्रोशर असतं, पैसे भरल्याच्या पावत्या असतात, पण नमुना १ व १४ चा, म्हणजे गोव्यातल्या सातबाऱ्याचा, ताजा उतारा नसतो. त्यात कुळाचा रकाना आहे, तो वाचा. मुंडकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा, आहे का? कोमुनिदादची, म्हणजे गावाच्या सामूहिक मालकीची, जमीन तर नाही ना? बिगरशेती सनद झाली आहे का, झोन कुठला आहे? विकणाऱ्याच्या सगळ्या भावंडांच्या आणि त्यांच्या जोडीदारांच्या सह्या आहेत का, की पोर्तुगालला किंवा लंडनला असलेला एखादा वारस राहून गेला? बनावट कागदांनी जमिनी बळकावण्याची प्रकरणं इतकी झाली की २०२२ मध्ये सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं. वकील आपला स्वतःचा करा, बिल्डरने सुचवलेला नको.

---

पर्वरीकर

सह्यांचा मुद्दा मान्य. आमच्याही एका व्यवहारात एका चुलत्याच्या बायकोच्या सहीसाठी दोन वर्षं गेली होती. तरी जमिनीवरचा माझा विश्वास कायम आहे.

---

क्षकिरण

मी रेडिओलॉजिस्ट. यंत्रांच्या कर्जाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

सोनोग्राफी असो, एक्स-रे असो, दाताची खुर्ची असो, विक्रेता कर्ज बरोबर घेऊनच येतो. 'फक्त ९ टक्के, फ्लॅट.' फ्लॅट म्हणजे हप्ते फेडून मुद्दल कमी होत गेलं तरी व्याज पहिल्या दिवसाच्या मुद्दलावर. १० लाख, पाच वर्षं, ९ टक्के फ्लॅट: व्याज ४.५ लाख, हप्ता २४,१६७. घटत्या शिलकीवर काढलं तर हाच दर साडेपंधरा टक्क्यांच्या वर जातो. बँकेत घटत्या शिलकीचं ११-१२ टक्क्यांचं कर्ज महाग म्हणून नाकारणारे डॉक्टर हे कर्ज स्वस्त म्हणून घेतात. नेहमी विचारा: घटत्या शिलकीवर दर किती, प्रक्रिया शुल्क किती, मुदतीआधी फेडलं तर दंड किती.

यंत्राची किंमत ही सुरुवात असते. वॉरंटी संपल्यावरचा देखभालीचा करार, प्रोबची किंमत, एसी, यूपीएस, हे पहिल्याच दिवशी लेखी ठरवा. आणि रोज किती तपासण्या झाल्या तर हप्ता निघेल, ते मित्राच्या सेंटरवर बसून मोजा. विक्रेत्याच्या तक्त्यावरून नको. उत्तर गोव्याच्या किनाऱ्यावर मोसमात गर्दी दिसते, तीच गर्दी जून-जुलैत असेल असं धरून चालू नका. पीसीपीएनडीटीची, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याखालची, नोंदणी झाल्याशिवाय सोनोग्राफी यंत्र चालवता येत नाही, हप्ता मात्र यंत्र आल्यापासून सुरू होतो.

---

त्वचा_मडगाव

छोटी भर. रोगाच्या उपचारावर जीएसटी नाही. केशरोपण आणि केवळ सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियांवर आहे. वर्षाची २० लाखांची मर्यादा मोजताना करमाफ जमासुद्धा धरतात. म्हणजे तपासणीचे १८ लाख आणि केशरोपणाचे ४ लाख झाले, की नोंदणी लागली. कर फक्त त्या ४ लाखांच्या प्रकारावर. आमच्या शाखेतले बरेच जण 'सौंदर्याचं काम थोडंच आहे' म्हणून थांबतात, तिथेच गोंधळ होतो.

---

मडगावचो_ठेवीदार

डॉक्टर नाही, डॉक्टरचा भाऊ आहे. ठेवींबद्दल लिहितो. आपल्याकडे डॉक्टर मंडळी शहराच्या सहकारी बँकेत आणि पतसंस्थेत मोठ्या ठेवी ठेवतात, अर्धा टक्का जास्त आणि संचालक ओळखीचा. म्हापसा अर्बनचा परवाना रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये रद्द केला, मडगाव अर्बनचा २०२१ मध्ये. ठेव विमा ५ लाखांचा आहे, तोही मुद्दल आणि व्याज मिळून, एका बँकेतल्या सगळ्या शाखा धरून. ४ फेब्रुवारी २०२० आधी तो १ लाखच होता. पतसंस्थेला तर हा विमाच नाही. सहकार वाईट नाही, आमचं घर सहकारी बँकेच्या कर्जावर उभं राहिलं. पण निवृत्तीची अख्खी पुंजी एका ठिकाणी ठेवू नये.

---

निवृत्त_अध्यापक

मी वैद्यकीय शिक्षणातून निवृत्त झालो. माझ्या वयाच्या डॉक्टरांसाठी दोन गोष्टी.

एक, फोनवरची 'डिजिटल अटक'. पोलिसाच्या गणवेशात व्हिडिओ कॉल येतो, तुमच्या नावाने पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले म्हणतात, कुणाला सांगू नका म्हणतात. डॉक्टरच का सापडतात? कारण नोंदणीची, परवान्याची, प्रतिष्ठेची भीती आपल्याला जास्त. डिजिटल अटक असा प्रकार कायद्यात नाही. फोन ठेवा, घरच्यांना सांगा, आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर कळवा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते.

दुसरी, मृत्युपत्र. मला वाटायचं, सगळीकडे नॉमिनी लावला म्हणजे झालं. सीए साहेबांनी यावर लिहावं. माझा एक फ्लॅट पुण्यात आहे, तिथे काय होतं तेही सांगा.

---

सीए_बार्देश

सर, नॉमिनी म्हणजे बँकेने पैसे कुणाच्या हातात द्यायचे एवढंच. मालक वारसाहक्काने ठरतो. गोव्यात तो २०१२ च्या गोवा वारसाहक्क, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कार्यवाही कायद्याने ठरतो. सामाईक मालमत्तेत निम्मा वाटा मुळातच तुमच्या पत्नीचा. उरलेल्या तुमच्या निम्म्यातला अर्धा भाग मुलांचा राखीव. तो मृत्युपत्राने काढून घेता येत नाही. म्हणजे एकूण मालमत्तेच्या चौथ्या हिश्श्याबद्दलच तुम्ही मृत्युपत्रात मनासारखं लिहू शकता. 'नर्सिंग होम डॉक्टर मुलाला आणि बाकीचं मुलीला' असं बऱ्याच जणांच्या मनात असतं, ते नुसत्या मृत्युपत्राने बसतंच असं नाही. वाट्यांची किंमत जुळवावी लागते.

पुण्याच्या फ्लॅटबद्दल: सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं आहे की गोव्याचा अधिवास (डोमिसाइल) असलेल्या माणसाच्या भारतातल्या इतर ठिकाणच्या मालमत्तेलाही इथलाच वारसा कायदा लागतो. तेव्हा पुण्याच्या वकिलाकडून वेगळं मृत्युपत्र करून घेतलं असेल, तर ते एकदा इथल्या वकिलाला दाखवा.

येताना काय आणायचं ते सांगतो: विवाह नोंदणीचा दाखला, लग्नाआधी करार झाला असल्यास त्याची प्रत, सगळ्या मालमत्तांची यादी कर्जासकट. आणि सर, बाईंना बरोबर घेऊन या.

---

निवृत्त_अध्यापक

आणतो. सोमवारी चालेल का?

---

सीए_बार्देश

सोमवारी दुपारी तीननंतर या.